भरलेला सोऱ्या

सापडला!

माहेरी, लेण्यांखालच्या भाजे गावात, भाऊ घरावर दोन खोल्या चढवतोय. शनिवार-रविवारी लोहगडावर येणाऱ्या पाहुण्यांना त्या भाड्यानं द्यायच्या, म्हणून माळा रिकामा करणं चाललंय. मी लोणावळ्याहून गेले होते ती फक्त घरच्या तांदळाची पिशवी आणायला. चहाचा कप तोंडाला लावते न लावते तोच माळ्यावरून वहिनीची हाक आली, "वन्सं, हे पितळंचं काय हाय बगा. सोऱ्याच दिसतोय, पर लय जड हाय." कप तसाच ठेवला आणि या वयात, या गुडघ्यांनी, मी शिडी चढले.

तोच होता. काळा ठिक्कर पडलेला, कोळ्यांनी आत संसार थाटलेला, पण तोच. मोरीत बसून चिंच आणि राखेनं घासायला घेतला, तेव्हा हळूहळू त्याचा पिवळा रंग वर आला आणि मी आणखी जोरात घासायला लागले. तळाची चांदणीची चकती जागेवर होती. दट्ट्याची मूठ कितीतरी तळहातांनी गुळगुळीत केलेली, ती मुठीत धरली तर आईचा हात धरल्यासारखं वाटलं. नाकाशी नेऊन हुंगला. ओवा, तीळ, तळणीचं तेल, काहीतरी उरलं असेल अशी वेडी आशा होती. नुसत्या पितळेचा वास आला. तरी मी एकटीच हसत होते आणि वहिनी माझ्याकडे काळजीनं बघत होती.

फोटो काढून लगेच आमच्या गटावर टाकला. हा गट म्हणजे लोणावळ्यापासून सुदुंबऱ्यापर्यंतच्या आम्ही बायका. कुणी शाळेत, कुणी कंपनीत, कुणी नुसत्याच घरात, म्हणजे सगळ्यांत जास्त कामात. दिवसभर फोनवर कुकरमधला रव्याचा केक, दूध पावडरच्या वड्या, ब्रेडचे गुलाबजाम. नियम एकच: घरात केलेलं असावं आणि सांगायला सोपं असावं. उद्या सगळ्या पहिल्यांदाच समोरासमोर भेटणार आहोत, माझ्या घरी, आपापला डबा घेऊन. फोटो पडला मात्र, नुसता गलका झाला. सुदुंबऱ्याची पोरगी आमच्यात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत आगाऊ. तिनं विचारलं, काकू, यातून चकली पाडायची की यानं व्यायाम करायचा? मी लिहिलं, उद्या ये, मग सांगते. लिहून झाल्यावर ध्यानात आलं की हे काही सांगायला सोपं नाही.

आमच्या आळीत सोऱ्या हा एकच होता. कुणाच्या मालकीचा, ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. जिला विचारावं ती दुसरीच्या सासूचं नाव सांगायची. दिवाळी आली की तो वरच्या अंगाच्या पहिल्या घरातून, म्हणजे आमच्या घरातून निघायचा आणि मुक्काम करत करत ओढ्याकाठच्या शेवटच्या घरी, आक्काकडे पोचायचा. आक्का आळीतली सगळ्यांत थोरली. तिचा शब्द म्हणजे शब्द. आणि सोऱ्या रिकामा कधी फिरायचा नाही, हाच आमच्याकडचा रिवाज. आपला घाणा संपला की एका चकलीपुरतं पीठ आतच ठेवायचं, तोंडाला ओलं फडकं बांधायचं आणि तसा भरलेला सोऱ्या पुढच्या घरी द्यायचा. त्या घरची पहिली चकली मागच्या घरच्या पिठाची. त्या पिठाला विरजण म्हणायचे. दह्याला लागतं तसं चकलीलाही लागतं, यावर आळीत कुणाचं दुमत नव्हतं. आमचं घर पहिलं, मग आम्हाला विरजण कुठलं? तर त्यासाठी आक्का स्वतः ओंजळभर भाजणी घेऊन वर यायची. तिच्या ओंजळीनं सुरुवात आणि तिच्याच तळणीत शेवट.

काय दिवस असायचे ते! खाचरांत भात पिवळं पडलेलं, आंबेमोहोराचा वास वाऱ्याबरोबर घरात घुसायचा. डोंगराच्या अंगाला सोनकी फुललेली. लेण्यांच्या बाजूचे धबधबे बारीक होत होत दोऱ्यावर आलेले. खाली मळवलीला गाडी थांबली की तिची शिटी आळीपर्यंत यायची. आणि या सगळ्यावर कुठल्या ना कुठल्या चुलीवरून भाजणीचा वास, आधी डाळींचा, मग धण्यांचा, शेवटी जिऱ्याचा. वासावरून आम्ही पोरी सांगायचो की आज सोऱ्या कुणाकडे आहे. फडकं बांधलेला सोऱ्या पोटाशी धरून, पीठ वाळायच्या आत, परकर सावरत पळायचं. ज्या घरी पोचवायचा तिथं पहिली चकली खाल्ल्याशिवाय परत फिरायचं नाही, हा आमचा हक्क होता.

दिवाळीच कशाला, वर्षभर आळीत झाकलेली ताटं फिरत असायची. गाय व्याली की खरवस, वेलदोड्याचा वास असलेला, सुरीनं कापताना थरथरणारा. श्रावणात हळदीच्या पानात थापलेले पानगे, निखाऱ्यावर पानाला चटका बसला की सगळं घर हळदीच्या वासानं भरून जायचं. उन्हाळ्यात करवंदांचा मुरांबा. तो खाल्ला की जिभा जांभळ्या आणि बोटं चिकट, मग त्याच बोटांनी पुस्तकं. कुणाचं काय चांगलं झालं की दुसरी लगेच विचारायची, गूळ कधी घातलास, पाक कसा ओळखलास. लपवालपवी नव्हती. आज गटावर "कृती टाका ना" म्हणतात, तेव्हा आमच्या आळीतल्या बायका मला हटकून दिसतात.

आणि डोंगरातल्या वाडीवरून यायची ती ठकूमावशी. लावणीला, कापणीला ती आमच्या खाचरांत असायची. काळीसावळी, काटक, हसली की डोळे मिटणारे. येताना कमरेच्या फडक्यात कडबोळी आणायची, नाचणीच्या पिठाची, हातानं वळलेली. दातांखाली घेतली की कडकडा वाजायची. ती संपेपर्यंत आम्ही तिच्या मागून हलायचो नाही. कडबोळी हातानं वळायची, कारण वाडीवर सोऱ्या जात नसे. का जात नाही, ते कुणी सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे.

एका वर्षी ठकूमावशी दसऱ्यानंतर आमच्या पडवीत येऊन बसली. तिच्या सगुणाचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं होतं. जावयाची पहिली दिवाळी. मावशी आईला म्हणाली, जावयाच्या पानात चकली पाहिजे, काट्याची पाहिजे, कडबोळ्यांवर भागवायचं नाही. यंदा सोऱ्या माझ्याकडेही येऊ द्या. आईला काही अडचण नव्हती, पण हे आक्काच्या हातचं. आक्का तेव्हा आमच्याकडेच होती, ओंजळभर भाजणी घेऊन आलेली. ती लगेच म्हणाली, न्ये की, माझं तळण झालं की घासून-पुसून देते.

"घासून नगं," ठकूमावशी म्हणाली. "तुमी येकमेकीस्नी देता तसा द्या. भरल्याला."

आक्का उठली. भाजणीचं भांडं आईच्या हातात ठेवलं आणि पदर खोचून ओढ्याच्या वाटेला लागली. ठकूमावशी थोडा वेळ बसली, तिनं चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि ती डोंगराच्या वाटेला लागली. त्या दिवसापासून मी आईचं डोकं खायला लागले. सोऱ्या वाडीवर जाणार का? भरलेला जाणार का? आई म्हणायची, गप बस, आणि तीही भाजणी भाजताना मध्येच उलथनं थांबवून डोंगराकडे बघायची.

त्या वर्षी भात लवकर तयार झालं होतं. दिवाळीआधीच नवा तांदूळ घरात. आळीला काय आनंद! सगळ्यांनी भाजणीत हौसेनं नवाच तांदूळ घातला. आणि चकल्या बसल्या. कढईतून काढताना बऱ्या दिसायच्या, ताटात आल्या की मान टाकायच्या. आईची पहिली. आईनं कुणाला सांगितलं नाही, विरजण घालून सोऱ्या पुढं दिला. पुढच्या घरीही तेच, त्यांनीही गुपचूप पुढं दिला. शेवटी आक्काची चकली मऊ पडली आणि बोभाटा झाला. आक्का शेजारणीला म्हणाली, तुझ्या विरजणानं माझं तळण नासलं. शेजारीण म्हणाली, मला ते वरच्या घरातून तसंच आलं. अशी तक्रार एकेक घर चढत आमच्या दारात आली. पदर खोचलेल्या सगळ्या बायका आमच्या पडवीत, आणि मधोमध आई. आई शांतपणे म्हणाली, "आक्का, मला वंजळभर भाजणी तुमीच दिलती."

सगळ्या माना आक्काकडे वळल्या. एका चकलीच्या पिठानं अख्खा घाणा कसा बिघडेल, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आज आमच्या गटातली कुठलीही पोरगी एका ओळीत सांगेल की जुना तांदूळ घ्या, नवा चिकट असतो. पण तेव्हा ठरलं ते असं, की आळीचं विरजण नासलं. दह्याचं विरजण नासलं तर काय करतात? परक्या घरून आणतात. आणि ज्या घरचं खाणं कडकडा वाजतं, असं घर आळीला एकच ठाऊक होतं.

विरजण मागायला आपलं भांडं घेऊन आपण जायचं असतं, ते कुणी आणून देत नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का निघाली, बरोबर आई आणि आईचा हात न सोडणारी मी. आक्कानं सोऱ्या इतका घासला होता की उन्हात बघवत नव्हता. लेण्यांच्या बाजूनं पायवाट चढताना ती सारखी थांबायची. इतकी वर्षं ठकूमावशी खाली येत होती, आक्का वर कधी गेली नव्हती. वाटेत तिनं आईला विचारलं, हिचं घर कुठलं गं? आईलाही नक्की माहीत नव्हतं. शेवटी वाडीतल्या कोंबड्यांनी आणि पोरांनीच आम्हाला नेऊन पोचवलं.

अंगण शेणानं लख्ख सारवलेलं. ठकूमावशी नाचणी पाखडत होती आणि सगुणा दारात बसून हिरव्या बांगड्या वाजवत वाती वळत होती. आक्का खाली बसली, दम खाल्ला आणि सोऱ्या पुढं केला. आमच्या सगळ्यांचं नासलंय, तुझ्या पिठाचं विरजण दे, असं तिनं सरळ सांगितलं. ठकूमावशीनं हात पुसले. सोऱ्या घेतला. दट्ट्या काढून आत बघितलं. आणि परत आक्कासमोर ठेवला.

"रिकामा म्या न्हाई घ्यायची."

"अगं, बिगडल्यालं हाय ते," आक्का म्हणाली. "सणासुदीचं तुला बिगडल्यालं कसं दिऊ?"

"येकमेकीस्नी दिलंच की, आक्का. मला द्यायला काय झालं?"

सगुणाच्या बांगड्या थांबल्या. आई खाली बघायला लागली. आक्काच्या तोंडाकडे बघायची माझी छाती होईना, पण मी बघितलं. ती रागावलेली नव्हती. कुणी परक्यानं आपल्याच घराचा पत्ता सांगावा आणि तो बरोबर निघावा, तशी ती ठकूमावशीकडे बघत होती. मग उठली आणि डोंगर उतरायला लागली. आई म्हणाली, पीठ मी आणते, तुमी बसा. आक्का म्हणाली, न्हाई, माजं म्याच आनते.

ती परत येईपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता. सगुणानं मला गूळ-शेंगदाणे दिले, ते मुठीत तसेच धरून मी वाटेकडे बघत बसले. येईल ना? येईल ना गं? उन्हं कलायला लागली तेव्हा वाटेवर लुगड्याचा रंग दिसला. आक्का, घामानं चिंब, पदराखाली पितळी वाटी, वाटीत तिच्या हातचा पिठाचा उंडा. तिनं बसल्या बसल्या तो सोऱ्यात भरला, अंगठ्यानं नीट दाबला, ओलं फडकं बांधलं आणि दोन्ही हातांनी सोऱ्या ठकूमावशीच्या ओटीत ठेवला. ठकूमावशीनं तो पोटाशी धरला. मग डोळे पुसत चूल पेटवायला उठली.

पहिली चकली आक्काच्या पिठाची. तेलात पडली, तरंगली, ताटात आली आणि तिनं लगेच मान टाकली. ठकूमावशीनं ती उचलली, कुणाला दिली नाही, आमच्यासमोर स्वतःच खाल्ली, सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत. म्हणाली, ब्येस हाय. मग तिनं नाचणीचं पीठ भरलं. तांबूस काळी चकली फिरत फिरत मोहाच्या पानावर उतरली आणि तिला हा असा काटा! ठकूमावशी बोटानं काट्याला हात लावून बघत होती, सगुणा हसत होती, आक्का म्हणत होती, आता बाजूला हो, तेल तापलंय. मी इतकी नाचले की आईनं पाठीत धपाटा घातला.

सोऱ्या खाली आला तो ठकूमावशीच्या पिठानं भरलेला. पुन्हा पहिल्या घरापासून फिरला. आमच्या घरची पहिली चकली काळी पडली, मग पुढच्या घरी आमची पांढुरकी. खरं सांगायचं तर पुढच्या चकल्या तरीही मऊच होत्या. पण आक्का एक चकली खाऊन म्हणाली, झ्याक कुरकुरीत झालीया. आक्कानं म्हटल्यावर दुसरं बोलायची कुणाची टाप होती? त्या वर्षी सगळ्या आळीनं मऊ चकल्या कुरकुरीत म्हणून खाल्ल्या, आणि माझ्या आठवणीतली सगळ्यांत झकास दिवाळी ती.

नंतर वाडी फेऱ्यात आली ती आलीच. मग एकेक घरी स्टीलचा, अॅल्युमिनियमचा सोऱ्या आला, मुली सासरी गेल्या, आक्का गेली, आई गेली. पितळेचा सोऱ्या केव्हातरी आमच्या घरी आला आणि इथून पुढं गेलाच नाही. कुणी ठरवून थांबवला नाही. तो माळ्यावर गेला आणि राहिला.

आज मोरीत तो धुतला आणि मला रिकामा ठेववेना. वहिनीकडे भाजणी होती, ताजी दळून आणलेली. विचारायचं भान कुणाला? उकड काढली, पीठ मळलं, पहिली चकली पाडली. मोहाच्या पानावर नाही, दुधाच्या पिशवीवर. तळली. ताटात आली आणि तिनं मान टाकली. वहिनी म्हणाली, नव्या तांदळाची भाजणी आहे, पोरांना धीर निघेना म्हणून घातला. मी पोट धरून हसले, हसता हसता रडू आलं, वहिनीनं मला पाणी दिलं. इंद्रायणीचा नवा तांदूळ, आणि ही चूक मी करावी! उद्या बायका येणार, सुदुंबऱ्याची पोरगी तर मला सोडणारच नाही. पण तेव्हा माझ्या डोक्यात उद्या नव्हताच. आमच्या घरानंतर पाळी कुणाची? आळीत आता चकल्या विकत येतात. पाळी धरून बसलेली एकच राहिली होती.

ठकूमावशी आता सगुणाकडे असते, लोहगडवाडीला. सगुणाची गडाच्या पायथ्याशी टपरी आहे, पिठलं-भाकरी आणि लिंबू सरबत. सोऱ्यात उंडा भरला, ओलं फडकं बांधलं, पोटाशी धरला आणि भावाच्या गाडीवर मागं बसले. घाटाच्या वळणांवर मी त्याला सारखी म्हणत होते, चल लवकर, पीठ वाळेल. तो म्हणाला, ताई, तू लहान असताना अशीच होतीस का?

सगुणाचे केस पिकलेत. तिनं सोऱ्या बघितला आणि तोंडावर हात धरला. मावशी आत बाजेवर होती, वाळून एवढीशी झालेली, तोंडात एक दात नाही. मला ओळखायला तिला वेळ लागला, सोऱ्याला लागला नाही. मांडीवर घेतला, फडकं सोडलं, आत बोट घालून पीठ आहे का बघितलं आणि लेकीला म्हणाली, तेल ठेव. सगुणा मला बाजूला घेऊन सांगत होती की म्हातारीनं कित्येक वर्षांत चकली खाल्लेली नाही. चावतच नाही. दिवाळीला ताट आलं की भिंतीकडे तोंड करून निजते, उगाच तिच्यासमोर तळायला नको.

माझ्या पिशवीतल्या डब्यात सकाळच्या मऊ चकल्या होत्या. द्यायच्या म्हणून आणल्या नव्हत्या, उरलेल्या पिठाच्या वहिनीनंच तळून घातल्या होत्या. मला त्यांची लाज वाटत होती. तरी मी एक काढली आणि मावशीच्या तळहातावर ठेवली. तिनं ती दाबून बघितली. मोडली नाही, नुसती वाकली. तोंडात घातली, हिरड्यांवर घोळवली, डोळे मिटले. टपरीवर गिऱ्हाईक हाका मारत होतं, सगुणा हलली नाही.

"आक्काची अशीच व्हती," मावशी म्हणाली.

मग तिनं हात पुन्हा पुढं केला. मी डबाच तिच्या मांडीवर ठेवला.